खा, मेरित आणि एक हजार पाव

बोरूबहाद्दर

गेल्या महिन्यात कामासाठी मिलानला होतो. शनिवार मोकळा मिळाला. बरोबरची मंडळी खरेदीला गेली आणि मी आगगाडीने तासाभरात तोरिनोला, म्हणजे आपल्या ट्यूरिनला पोचलो. तिथे १८२४ साली स्थापन झालेलं इजिप्तचं संग्रहालय आहे. दगडी फॅरो, सिंहमुखी देव्या, पपायरसच्या गुंडाळ्या वगैरे सगळं भराभर पाहत चाललो होतो. थबकलो तो एका काचेच्या कपाटासमोर. आत पाव होते. वेगवेगळ्या आकारांचे, वाळून दगड झालेले, साधारण ३४०० वर्षांपूर्वी भाजलेले.

ते खा नावाच्या माणसाचे. (हो, नाव 'खा'च. पावांसमोर उभं राहून हे वाचताना मी एकटाच हसलो आणि पहारेकऱ्याने वळून पाहिलं.) खा राजा नव्हता. लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम काठावर आज ज्याला देर एल-मदिना म्हणतात, ते राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव. तिथला हा मुकादम. १९०६ साली इटालियन उत्खननकार स्कियापारेल्ली याला खा आणि त्याची बायको मेरित यांचं थडगं सापडलं. दार बंद, आत चोराचा हात न लागलेला. चारशेहून जास्त वस्तू निघाल्या: पलंग, घडवंच्या, मोजपट्टी, लंगोट, सोंगट्यांचा पट, दारूचे घडे, मेरितचा केसांचा टोप आणि तो ठेवायची पेटी. थडग्यातलं सामान कसलं, बदलीच्या गावी निघालेलं बिऱ्हाड ते.

मेरितची शवपेटी मात्र विसरता येत नाही. ती नवऱ्याच्या आधी गेली, बहुधा अचानक. तिची पेटी तयार नव्हती. खाने स्वतःसाठी करून घेतलेली पेटी तिला दिली. पेटीवर नाव त्याचंच राहिलं, ते बदललेलं नाही. पेटी पुरुषाच्या मापाची, मेरित लहानखुरी. उरलेल्या फटींत कापडाचे बोळे कोंबले, आणि त्या कापडांवर खाच्या नावाची खूण आहे. घरातलंच कापड म्हणजे.

परत आल्यापासून जमेल तसं वाचतोय. 'प्राचीन इजिप्शियन लोक मरणवेडे होते' हे आपण शाळेपासून ऐकतो. मला ते पटेनासं झालंय. माझ्या मते ती पोराबाळांवर भरवसा नसलेली माणसं होती.

सांगतो कसं ते. त्यांच्या कल्पनेत माणूस म्हणजे नुसतं शरीर आणि आत्मा नाही. 'का' म्हणजे जीवनशक्ती, तिला मेल्यावरही खायला-प्यायला लागतं. 'बा' म्हणजे माणसाचं डोकं असलेला पक्षी, तो दिवसा बाहेर हिंडतो आणि रात्री शरीराकडे परततो. शिवाय नाव आणि सावली. शरीर टिकवायचं कारण 'बा'ला परतायला पत्ता हवा. ममी म्हणजे दारावरची पाटी म्हणा.

पण मग 'का'ला जेवण कोण देणार? मुलाने द्यायचं. मुलगा विसरला तर? म्हणून पगारी पुरोहित, त्याच्या नावे जमीन लावून. पुरोहिताच्या नातवाने जमीन खाल्ली आणि काम सोडलं तर? म्हणून थडग्यात खरंखुरं अन्न. ते संपलं तर? भिंतीवर चित्रं, लाकडाच्या छोट्या भटारखान्यांची खेळणी. तीही गेली तर? नुसते शब्द. थडग्याच्या दर्शनी भागावर लिहिलेलं असायचं: अरे वाटसरूंनो, तुम्ही जगण्यावर प्रेम करता ना, मग म्हणा, 'एक हजार पाव, एक हजार घडे बिअर, एक हजार बैल, एक हजार पक्षी, अमक्याच्या का-साठी.' पुढे कधी कधी अशीही पुस्ती असते की हे म्हणायला तुमचं काही जात नाही, फक्त तोंडचा वारा लागतो.

म्हणजे वारसा, त्याच्यामागे आणखी वारसा अशी सोय लावत लावत शेवटी अनोळखी माणसाच्या तोंडच्या वाऱ्यापर्यंत. याला मरणवेड म्हणायचं की व्यवहारज्ञान?

मेथीलाडू

क्या बात! कापडाच्या बोळ्यांनी गलबललं.
एक बाळबोध शंका: मेंदू नाकातून काढायचे हे खरं की गोष्टी?

नाडीपरीक्षा

मेथीलाडू, खरं आहे. नाकाच्या छताला चाळणीसारखं पातळ हाड असतं, छिन्नीने टोचलं की फुटतं. पण ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो तसा आकड्याने मेंदू ओढून काढता येत नाही, तो आकड्याला धरतच नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला बॉब ब्रायर आणि रॉन वेड यांनी देहदान केलेल्या एका माणसावर जुन्या पद्धतीची हत्यारं बनवून पूर्ण प्रक्रिया करून पाहिली. सळईने आत ढवळून मेंदू पातळ करावा लागला, मग देह पालथा करून ओतून काढला.

जेवताना वाचणाऱ्यांनी माफ करा.

मला त्याहून थक्क करतो तो डाव्या कुशीवरचा छेद. जेमतेम हात जाईल एवढा. त्यातून न बघता, नुसत्या स्पर्शावर यकृत, आतडी, जठर बाहेर. नंतर पडदा फाडून वर छातीत हात घालून फुप्फुसं. आणि हृदयाला धक्का लावायचा नाही! आम्ही पहिल्या वर्षाला पूर्ण छाती उघडूनही काय काय कापून ठेवायचो ते आठवतंय.

काढलेल्या अवयवांना रखवालदार देव असत: यकृताचा माणसाच्या तोंडाचा इम्सेती, फुप्फुसांचा बबून माकडाच्या तोंडाचा हापी, जठराचा कोल्हेतोंड्या दुआमुतेफ, आतड्यांचा ससाणा केबेहसेनुएफ. मेंदूला कोणी नाही. त्यांच्या लेखी विचार करायचं काम हृदयाचं.

बोरूबहाद्दर

धन्यवाद डॉक्टर. गंमत बघा: खा आणि मेरित यांच्या ममी आजवर कोणी उलगडलेल्या नाहीत, क्ष-किरण आणि स्कॅनवरच सगळं कळलंय. दोघांचे आतले अवयव जागच्या जागी आहेत! त्यामुळे पूर्वी 'यांचं काम स्वस्तात उरकलं' असं मानायचे. पण २०१५ मध्ये कापडाच्या नमुन्यांचं रासायनिक पृथक्करण झालं तेव्हा तेलं, चरबी, राळ असा चांगला महागाचा लेप निघाला. खाच्या पट्ट्यांखाली सोन्याचा गळ्यातला हारही दिसतो, राजाकडून मानाचा मिळायचा तसा. तेव्हा 'इजिप्शियन लोक असं करायचे' हे वाक्य जपून वापरावं. हेरोडोटस इसवीसनापूर्वी पाचव्या शतकातला, खानंतर जवळजवळ हजार वर्षांनी आलेला पाहुणा. त्याने उत्तम, मध्यम, स्वस्त असे तीन दर सांगितलेत. धंदेवाले लाकडी नमुने दाखवून गिऱ्हाइकाला विचारायचे, कुठलं हवं?

खाडीवरची

डॉक्टरांचं वाचून आमच्या मावशीची आठवण झाली. मालवणी असल्यामुळे माझा सगळा अभ्यास खाऱ्या बांगड्यातून होतो, सांभाळून घ्या.

बांगडा खारवायचा तर आधी कल्ले आणि पोटातलं काढायचं. 'पोटातला काढूक नाय तर कुसतला,' हे मावशीचं पहिलं वाक्य. मग जाड मीठ आतून चोळायचं, आतून आधी, बाहेरून नंतर. टोपात मिठाचा थर, बांगड्यांचा थर. दुसऱ्या दिवशी बघावं तर टोपात पाणीच पाणी, आणि बांगडा अर्धा झालेला. ते पाणी फेकायचं, मग ऊन.

मग मिठानेच काम भागत होतं तर ममी सुकवायला ते नॅट्रॉन नावाचा खार कशाला?

बोरूबहाद्दर

खाडीवरची, मावशींना दंडवत. ब्रायर-वेडनीही नेमकं हेच केलं. नॅट्रॉन भरलेल्या पिशव्या आधी आत कोंबल्या, मग सगळा देह नॅट्रॉनच्या ढिगात पुरला आणि ३५ दिवस ठेवला.

नॅट्रॉन कैरोच्या वायव्येला वादी नत्रून नावाच्या खोऱ्यात, आटलेल्या तळ्यांच्या काठी सापडतं. त्यात धुण्याचा सोडा, खायचा सोडा, थोडं मीठ, थोडं सल्फेट. आपला पापडखार त्याच्या जवळच्या भावकीतला. मीठ नुसतं पाणी ओढतं. सोडा वर चरबीचा साबणही करतो. माणसाच्या अंगात चरबी बांगड्याहून जास्त! सोडियमची संज्ञा 'एनए' का, याचं उत्तरही इथलंच: नॅट्रॉनवरून नेट्रियम. सुकवायला साधारण ४० दिवस, तेल-लेप-पट्ट्या धरून एकूण ७०.

अभिमानी७२

उत्तम माहिती. पण एक गोष्ट राहिली. इजिप्तच्या ममी भारतातल्या मलमलीत गुंडाळलेल्या असत आणि त्यांना आपली नीळ लावत, हे सिद्ध झालेलं आहे. आपल्याच लोकांना आपला इतिहास माहीत नसतो.

बोरूबहाद्दर

अभिमानी, हा ढकललेला संदेश मलाही वर्षातून दोनदा येतो. पट्ट्या मलमलीच्या नाहीत, लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या. आपण ज्याची चटणी करतो ते जवस. ते नाईलकाठी मुबलक पिकायचं, आणि पट्ट्या बहुतेकदा घरातली जुनी कापडं फाडूनच केलेल्या असत. निळा रंग म्हणाल तर नीळ देणारं रसायन तिकडच्या वोड नावाच्या झाडातही असतं.

पण नाराज होऊ नका, खरं नातं याहून झकास आहे. दुसरा रामसेस इसवीसनापूर्वी १२१३ मध्ये वारला. त्याच्या नाकात काळी मिरी सापडली. मिरी तेव्हा दक्षिण भारताशिवाय कुठे होत नव्हती. मलबारचा दाणा फॅरोच्या नाकपुडीत कुठल्या वाटेने पोचला असेल, कल्पना करा.

दुसरं, कैरोजवळ सक्कारा इथे इसवीसनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातली ममी बनवायची कार्यशाळाच सापडली. जमिनीखाली खोल्या आणि लेबलं लावलेली भांडी! कशावर लिहिलंय 'डोक्याला लावायचं', कशावर आणखी काही. ३१ भांड्यांतल्या अवशेषांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिस्त्याच्या जातीच्या झाडाचा डिंक, सीडर, मृत समुद्राचं डांबर, आणि डामर, म्हणजे सालाच्या कुळातल्या झाडांची राळ. ती झाडं दक्षिण आणि आग्नेय आशियातली. संशोधकांचा कल आग्नेय आशियाकडे आहे, तेव्हा लगेच 'आपलीच' म्हणायला नको. आणखी एक: 'अंतियू' या शब्दाचा अर्थ शंभरेक वर्षं सगळे 'गंधरस' असा लावत होते. भांड्यात बघितलं तर देवदार जातीच्या झाडांचं तेल आणि चरबी यांचं मिश्रण! कोश दुरुस्त करायला मडकं लागलं.

अभिमानी७२

मिरीचं माहीत नव्हतं. संदेश पुढे पाठवणाऱ्या काकांना मिरी पाठवतो.

कमाटीबाग

आमच्या बडोद्याला विसरलात! सयाजीरावांनी उभारलेल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे. लहानपणी आजोबा दर सुट्टीत न्यायचे. खाली देवमाशाचा अवाढव्य सांगाडा, त्याच्यासमोर आम्ही धिंगाणा घालायचो, आणि ममीच्या खोलीत मात्र आजोबा चप्पल काढायचे. तशी सक्ती कुणाची नव्हती. 'कुणाचं तरी माणूस आहे ते,' म्हणायचे. त्यामुळे मला प्रश्न पडतो की आपण हे बघावं का? खाने काचेच्या कपाटात बसायला थोडीच सांगितलं होतं?

नाडीपरीक्षा

+१. शवविच्छेदनाला आलेल्या देहाची निदान संमती असते.

रातकिडा

असहमत. त्यांना नाव जगायला हवं होतं ना? मग संग्रहालयाइतकी चांगली सोय कोणती? नाहीतर खा-मेरित हे दोन शब्द मराठीत कोणी लिहिले असते? उलट लोकांनी एरवी काय केलंय ते बघा. युरोपात कित्येक शतकं ममी कुटून औषध म्हणून खात होते. तिच्या भुकटीचा तपकिरी रंग चित्रकार वापरत. १८९० मध्ये मांजरांच्या लाखाच्या वर ममी लिव्हरपूलला उतरल्या आणि खत म्हणून विकल्या गेल्या. त्यापुढे काचेचं कपाट म्हणजे पंचतारांकित.

अवांतर: तुतनखामुन राजाच्या थडग्याच्या शापाबद्दल कोणी काहीच कसं बोललं नाही? त्या उत्खननाला पैसे पुरवणारा कार्नार्व्हन डास चावून मेला ना?

बोरूबहाद्दर

शापाचं पटकन उरकतो. थडगं नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडलं, कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मध्ये गेला, डासाचा चावा दाढी करताना कापून चिघळला. ज्याने थडगं शोधलं आणि तुतनखामुनचा देह पेटीतून अक्षरशः कापून काढला, तो हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला. देवाला पत्ता चुकीचा मिळाला असणार.

कमाटीबाग, तुमच्या आजोबांचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. माझं स्वतःचं मत पक्कं नाही. तुतनखामुनचं मुंडकं छाटलं गेलं, कारण अंत्यविधीत ओतलेल्या राळेने तो पेटीला चिकटला होता आणि सगळ्यांना मुखवटा हवा होता. हे मला हिडीस वाटतं. पेटीत, पट्ट्यांसकट ठेवलेल्या खासमोर मात्र मला अपराधी वाटलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये कैरोत २२ राजा-राण्यांच्या ममी जुन्या संग्रहालयातून नव्यात मिरवणुकीने नेल्या. काहींना तो तमाशा वाटला. मला वाटलं, निदान यजमान त्यांच्याच गावचे होते.

मेथीलाडू

आणि गरिबांचं काय? खा कितीही झालं तरी मुकादम.

बोरूबहाद्दर

गरीब वाळूत. खड्डा, चटई, दोन मडकी. आणि दैवाचा खेळ असा की तापलेली कोरडी वाळू कित्येकदा लेपवाल्यांपेक्षा चांगलं काम करते. गेबेलीन इथला एक माणूस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा, कुणी काहीही न केलेला. केस शाबूत, दंडावर गोंदण. २०१२ च्या स्कॅनमध्ये कळलं की पाठीत सुरा खुपसला होता. पाच हजार वर्षांनी शवविच्छेदन अहवाल!

पूर्वी सांगायचे की श्रीमंतांनी लाकडी पेट्या आणि विटांच्या खोल्या केल्या, वाळूचा स्पर्श सुटला, प्रेतं सडू लागली, म्हणून ममीची विद्या निघाली. आता चित्र इतकं सरळ राहिलेलं नाही. मोस्तागेदा इथल्या, फॅरोंच्याही आधीच्या साध्या खड्ड्यांमधल्या कापडांवर राळ-चरबीचे लेप सापडलेत.

आणि श्रीमंत तरी सुरक्षित कुठे? नवव्या रामसेसच्या काळातला एका चोराचा कबुलीजबाब पपायरसवर आहे. राजाराणीच्या ममीवरचं सोनं ओरबाडलं, पेट्या पेटवून दिल्या, आठ जणांत १६० देबेन वाटून घेतलं, माणशी २०. देबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम, एकूण साडेचौदा किलो. पुढचं वाचा: तो एकदा पकडला गेला, आपला वाटा अधिकाऱ्याला चारून सुटला, आणि साथीदारांनी आपापल्या हिश्श्यातून त्याची भरपाई केली. धंद्यात इमान होतं.

रातकिडा

थांबा. मग मेल्यावरच्या न्यायनिवाड्याचं काय? हृदय तराजूत, दुसऱ्या पारड्यात सत्याची देवी माआत हिचं पीस, हृदय जड निघालं की मगरतोंडी राक्षसीण अम्मित ते खाणार. हा चोर काय सांगणार तिथे?

बोरूबहाद्दर

तिथेही पळवाट आहे! ममीच्या छातीवर दगडी भुंगेरा ठेवत, त्यावर मंत्र. सारांश असा: माझ्या हृदया, आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. ४२ देवांपुढे 'मी चोरी केली नाही, मी माप मारलं नाही' असं म्हणायचं आणि आपलाच साक्षीदार फोडून ठेवायचा. कोर्टकचेरी पाहिलेल्या माणसाने लिहिलेला धर्म आहे हा.

उशब्तीही तशीच. परलोकातही शेतीची वेठ आहे, म्हणून बदली गडी म्हणून या बाहुल्या. धन्याला हाक आली की तिने म्हणायचं, 'हा मी हजर.' तुतनखामुनकडे ४१३ होत्या: वर्षाचे दिवस तितके गडी ३६५, दर दहांवर एक मुकादम असे ३६, आणि वर महिन्याचे १२. एका कारागिराने गिऱ्हाइकाला लिहून दिलेली पावती आहे, त्यात ४०१ बाहुल्यांचं मोल पूर्ण मिळाल्याची नोंद आहे. हेतू हा की मजुरी चुकती झाली, आता कामाला नाही म्हणायचं नाही. फुकटात बाहुलीसुद्धा राबत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. याच देर एल-मदिनाच्या कारागिरांनी तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी धान्य थकलं म्हणून काम टाकून धरणं धरलं होतं.

खाडीवरची

सगळं व्यवहाराचंच चाललंय. माया कुठेच नाही का? की सगळी त्या कापडाच्या बोळ्यांतच?

बोरूबहाद्दर

आहे. ते मेलेल्यांना पत्रं लिहीत. कधी वाडग्यावर, म्हणजे वाडग्यातला नैवेद्य खाताना मेलेल्याने वाचावं. लायडनच्या संग्रहालयात एका विधुराचं पत्र आहे, बायकोचं नाव आंखिरी. तिच्या पाठीमागे याचं काहीतरी बिनसलंय आणि त्याला वाटतं तीच त्रास देतेय. तो हिशेब मांडतो: मी काय वाईट केलं तुझं? तरुणपणी लग्न केलं, मोठ्या हुद्द्यावर गेलो तरी तुला टाकलं नाही. आजारी पडलीस तेव्हा वैद्य आणला. तू गेलीस तेव्हा मी फॅरोबरोबर परगावी होतो, कित्येक महिने धड जेवलो नाही. परतल्यावर खूप रडलो, तुला गुंडाळायला उंची कापड दिलं. तीन वर्षं झाली, एकटा आहे, दुसऱ्या घरात पाऊल टाकलेलं नाही.

भांडण आहे, पण भांडायला ती हवीच आहे त्याला.

खाडीवरची

…

कमाटीबाग

या रविवारी लेकीला घेऊन संग्रहालयात जातो. चप्पल काढीन. ते वाटसरूंचं वाक्य परत एकदा नीट लिहाल का, तिथे म्हणायला?

बोरूबहाद्दर

जरूर. 'एक हजार पाव, एक हजार घडे बिअर, एक हजार बैल, एक हजार पक्षी, अमक्याच्या का-साठी.' नाव माहीत असेल तर नाव घालायचं.

नाडीपरीक्षा

मग आपण इथेच म्हणू की. एक हजार पाव, एक हजार घडे बिअर, खाच्या का-साठी.

मेथीलाडू

आणि मेरितच्या. तिला वेगळे एक हजार, नवऱ्याच्या पेटीत झोपलीय बिचारी.

अभिमानी७२

+१. वर थोडी मिरी.

रातकिडा

आज चतुर्थी आहे हो, बिअर उद्या चालेल का?

खाडीवरची

पाव आत्ता द्या. बांगडे मी आणते.